जुन्या यंत्रावरची सरगम

वाचकहो, गाण्याचे वजन किती असते, असे कोणी विचारले तर तुम्ही त्या गृहस्थाकडे जरा निरखून पाहाल. पण आता हा प्रश्न तितकासा वेडगळ राहिलेला नाही. खिशातल्या मोबाइलवर आपण जी गाणी ऐकतो ती आकड्यांच्या रूपाने साठवलेली असतात, आणि आकड्यांना जागा लागते. ही जागा बाइटांत मोजतात. एक अक्षर किंवा एक लहानसा आकडा मावेल एवढा खण म्हणजे एक बाइट, इतके ध्यानात ठेवले की पुरे. एमपी-थ्री नावाच्या पद्धतीने बऱ्यापैकी प्रतीचे गाणे साठवायचे तर दर सेकंदाला १६,००० बाइट खर्ची पडतात. चार मिनिटांच्या गाण्याला झाले ३८ लाख ४० हजार.

हा हिशेब आधी मांडायचे कारण माझ्या माळ्यावरचे एक यंत्र. 'स्पेक्ट्रम' जातीचा हा घरगुती संगणक. क्लाइव्ह सिंक्लेअर यांच्या कंपनीने तो १९८२ साली इंग्लंडात बाजारात आणला, आणि १९८६ पासून भारतातही परवान्याने तो 'डीबी स्पेक्ट्रम प्लस' या नावाने तयार होऊ लागला. माझा त्यांपैकीच. घरातल्या दूरदर्शन-संचाला जोडायचा, शेजारी कॅसेटचा टेपरेकॉर्डर ठेवायचा, की झाला संगणक. त्याची स्मृती ४८ किलोबाइटांची, म्हणजे ४९,१५२ खणांची. वर सांगितलेले गाणे ठेवायला अशी एकोणऐंशी यंत्रे मांडावी लागतील, आणि मांडूनही उपयोग नाही, कारण एमपी-थ्रीचे आकडे उलगडून त्यांचा आवाज करण्याइतका वेग या बिचाऱ्याच्या अंगी नाही.

गेल्या वर्षी हे यंत्र खाली काढले तेव्हा नातवाने पहिला प्रश्न हाच केला : "आजोबा, ह्याच्यावर गाणी लागतात का?" लागतात, असे मी म्हणालो खरे, पण कशी लागतात ते त्याला समजावताना माझी पुरेवाट झाली. जगभर आज अशी जुनी यंत्रे जिवंत ठेवणारी हौशी माणसे आहेत. त्यांतले काही जण यंत्राच्या पाठीमागे एक नवे छोटे उपकरण जोडतात. गाण्याचे आकडे उलगडण्याचे सारे काम ते उपकरण करते आणि जुन्या यंत्राच्या पडद्यावर नुसते गाण्याचे नाव झळकते. गाणारा पडद्यामागे आणि ओठ हलवणारा पडद्यापुढे, ही आपल्या सिनेमातली रीत. करमणूक म्हणून ठीक आहे. पण गाणे जुन्या यंत्रावर वाजले असे म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

दुसरा प्रकार मला मोलाचा वाटतो. त्यात यंत्राला गाणे ऐकवायचे नसते, त्याला गाणे सांगायचे असते. अमुक स्वर, इतका वेळ. मग तमुक स्वर, तितका वेळ. ध्वनिमुद्रण आणि स्वरलिपी यांत जो फरक, तोच इथे. पंडित भातखंड्यांच्या पुस्तकांत बंदिशी आहेत, पण ते पुस्तक कानाला लावून काही ऐकू येत नाही. कोणी तरी गावे लागते. इथे गाणारे ते यंत्र.

आणि गाणारा बदलला की गाणे बदलते, हे यंत्रांनाही चुकलेले नाही. स्पेक्ट्रमच्याच वर्षी, १९८२ साली, अमेरिकेतून 'कमोडोर ६४' हा संगणक निघाला. त्यात रॉबर्ट यॅनेस यांनी योजलेली 'सिड' नावाची ध्वनीची चकती होती. एका वेळी तीन स्वतंत्र आवाज, आणि नाद खुलवण्या-दाबण्यासाठी गाळणीसारखी सोय. या चकतीसाठी रचलेल्या पन्नास हजारांहून अधिक चिजा हौशी मंडळींनी आज एकत्र जमवून ठेवल्या आहेत, आणि एकेक चीज बहुधा थोड्या किलोबाइटांची. आता गंमत पाहा. पहिल्या चकत्यांत एक खोट होती. आवाजाची पातळी बदलली की कर्ण्यातून बारीकसा 'टक्' आवाज निघे. चतुर लोकांनी ही खोटच पकडली. सेकंदाला हजारो वेळा पातळी बदलून त्या टकटकीतून त्यांनी ढोल वाजवले, माणसाचे बोलणेसुद्धा काढले. पुढे सुधारलेली चकती आली. तिच्यात ती खोट दुरुस्त झाली होती, आणि नव्या यंत्रांवर ते ढोल जवळजवळ ऐकू येईनासे झाले! मग लोकांनी त्या चकतीला बाहेरून एक रोधक जोडून मूळची खोट परत आणली. दोष कशाला म्हणावे, हे सांगणे वाटते तितके सोपे नाही.

माझ्या स्पेक्ट्रमकडे असली चकती नाही. त्याच्या पोटात एक लहानसा कर्णा आहे आणि त्याला दोनच गोष्टी ठाऊक : पडदा आत, पडदा बाहेर. यंत्राचे घड्याळ सेकंदाला ३५ लाख टिकटिकी करते. हार्मोनियमची मधल्या सप्तकातली पांढरी एक वाजवायची असेल, तर सुमारे ६,६९० टिकटिकी मोजायच्या आणि पडदा हलवायचा, पुन्हा तितक्याच मोजायच्या आणि पडदा हलवायचा. स्वर संपेपर्यंत यंत्राला दुसरे काही सुचत नाही. याची आज्ञा आहे 'बीप'. तिच्यापुढे दोन संख्या लिहायच्या; पहिली सेकंदांची, दुसरी स्वराची. पांढरी एक म्हणजे शून्य, आणि पुढच्या प्रत्येक पट्टीला एकेक वाढवत जायचे. काळी एक म्हणजे एक, पांढरी दोन म्हणजे दोन.

यंत्राबरोबर येणारे पुस्तक स्टीव्हन व्हिकर्स नावाच्या गृहस्थांनी लिहिलेले आहे. त्यात या आज्ञेच्या प्रकरणात त्यांनी सहज जाता जाता एक गोष्ट नोंदवली आहे : भारतीय संगीतासारख्या काही संगीतांत दोन पट्ट्यांच्या मधले स्वरही लागतात, आणि ते या यंत्राला अपूर्णांक देऊन सांगता येतात. त्या साहेबांनी किती सहज लिहून टाकले! आणि आपल्याकडे याच मधल्या स्वरांसाठी केवढी भांडणे झाली. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी बावीस श्रुतींवर १९१० साली इंग्रजीत पुस्तक लिहिले. क्लेमंट्स साहेब आणि अब्दुल करीम खाँ यांच्यासारखी माणसे त्या शोधात त्यांच्याबरोबर होती. पुढे १९४० साली आकाशवाणीने हार्मोनियमला आपल्या दारातून बाहेरच काढले, ती १९७१ साली परत आत आली. कारण उघड आहे. हार्मोनियमचा शुद्ध गंधार षड्जापासून मोजून चार पट्ट्यांवर असतो. पण नीट लागलेल्या तंबोऱ्यातून जो गंधार आपोआप उमटतो, ज्याला आपण स्वयंभू गंधार म्हणतो, तो चारावर नसतो; ३.८६ वर असतो. एवढ्याशा फरकाने कान दुखावतो, ज्याला कान आहे त्याचा.

असा कान असलेले माझे एक स्नेही होते. मिरजेचे, गणिताचे प्राध्यापक. ते आणि मी बरोबरच या यंत्राच्या नादी लागलो. मी त्यावर खेळ खेळलो, त्यांनी श्रुती मोजल्या. त्यांना जाऊन आता बरीच वर्षे झाली. त्यांचे यंत्र केव्हाच भंगारात गेले. पण परवाच्या दिवाळीत वहिनींनी मला एक कॅसेट आणून दिली. वर त्यांच्या अक्षरात 'सरगम, १९८८' एवढेच.

"भाऊजी, ह्यात त्यांचा आवाज असेल. एवढी ऐकवा मला."

मी कॅसेट लावली. आधी पाच सेकंद एकसुरी शिट्टी, मग कोणी पत्रा फाडावा तसा कर्कश आवाज. वहिनींनी कानांवर हात ठेवले. "बिघडली वाटतं," म्हणाल्या. त्यांचा चेहरा पाहवेना. बिघडली नव्हती हो! तो आवाज मी हजार वेळा ऐकलेला होता. संगणकाने कॅसेटवर लिहिलेली ती आज्ञावली होती. त्यात प्राध्यापकांचा आवाज नव्हता, हे मला त्यांना सांगावे लागले. पण त्यांनी काही तरी लिहून ठेवले होते, आणि ते वाचणारे यंत्र माझ्या माळ्यावर होते.

काम मात्र वाटले तितके सोपे निघाले नाही. माझ्या यंत्राच्या कळफलकाखालचा पातळ पडदा तडकला होता. चाळीस वर्षांच्या प्लॅस्टिकला दोष काय द्यायचा! तो नवा मागवून घातला. नवे दूरदर्शन-संच या यंत्राचे चित्र धरीनात, म्हणून जुना काचेच्या नळीचा संच शेजाऱ्यांकडून मागून आणला. कॅसेटची फीत दुसऱ्या चांगल्या डबीत घातली. टेपरेकॉर्डरच्या हेडजवळ एक बारीक स्क्रू असतो, तो पाव-पाव फेरा फिरवत बसलो, कारण ज्या रेकॉर्डरवर ही फीत भरली त्याचे हेड किंचित तिरके असणार, आणि माझे तितकेच तिरके केल्याशिवाय आवाज स्वच्छ निघणार नाही. मग यंत्राला फीत ऐकवली. पडद्याच्या कडेला लाल-निळसर पट्टे नाचले, मग निळे-पिवळे, आणि शेवटी नको होते तेच वाक्य उमटले : फीत वाचताना चूक झाली.

तेव्हा मी तीच फीत नव्या संगणकात ध्वनी म्हणून उतरवून घेतली आणि लाटा डोळ्यांनी पाहू लागलो. हे तुम्हांला जरा सविस्तर सांगतो, कारण पुढची सारी मौज इथेच आहे. नवा संगणक एका सेकंदाच्या ध्वनीचे ४४,१०० ठिपके करतो. स्पेक्ट्रमच्या फितीवर शून्य लिहिलेले असले तर लाट बावीस ठिपक्यांच्या आसपास भरते, आणि एक लिहिलेला असला तर दुप्पट, म्हणजे त्रेचाळीसच्या आसपास. अशा आठ लहान-मोठ्या लाटांचा मिळून एक बाइट. डोळे फोडून घ्यायची तयारी असली तर माणूससुद्धा हे वाचू शकतो. दोन दिवस बसून सगळी आज्ञावली मी उतरवून काढली. तेराशे बाइटांच्या आसपास भरली. एमपी-थ्रीच्या हिशेबाने हा एका सेकंदाच्या बाराव्या भागाचा ऐवज.

फितीला दोन ठिकाणी छेद होते. एकच असता तर चिंता नव्हती. या यंत्राने लिहिलेल्या मजकुराच्या शेवटी हिशेबाच्या वहीत असतो तसा एक ताळ्याचा बाइट असतो, त्यावरून एक हरवलेला बाइट भरून काढता येतो. दोन हरवले की ताळा मुका होतो. पहिला छेद टिपणाच्या ओळीत होता, तारखेतला एक अंक गेला होता, त्याची काही तक्रार नाही. दुसरा छेद नेमका नको तिथे.

प्राध्यापकांची रचना अशी होती. एका ओळीत पाच स्वरांच्या जागा मांडलेल्या, आणि पुढे चौसष्ट मात्रांची सरगम, त्रितालाची चार आवर्तने, या पाच स्वरांच्या क्रमांकांनी लिहिलेली. म्हणजे जागा एकदाच सांगायच्या, बाकी सारे क्रमांक. त्या पाच जागा अशा : शून्य, २.०४, तिसरा आकडा, ७.०२ आणि ८.८४. षड्ज, रिषभ, गंधार, पंचम, धैवत. आणि तिसरा आकडा होता तीन, टिंब, छेद, सहा.

गाण्यातल्या जाणकार वाचकांच्या ध्यानात आलेच असेल. तो ३.८६ असेल तर गंधार शुद्ध आणि सारी सरगम भूप. तो ३.१६ असेल तर गंधार कोमल आणि सारी सरगम शिवरंजनी. संध्याकाळच्या दिव्याचा प्रसन्न भूप, की काळजाला घर पाडणारी शिवरंजनी? सगळे एका अंकावर येऊन ठेपले होते.

मी छेदाची लांबी मोजली. लहान-मोठ्या लाटांच्या हिशेबाने तिथे पाच शून्ये आणि तीन एक बसत होते. दहा अंकांपैकी या मापाचे अंक चारच : एक, दोन, चार आणि आठ. दोन आणि चार घातले तर कुठलाच ओळखीचा स्वर होत नाही. राहिले कोण? एक आणि आठ! ज्या दोघांत निवड करायची होती तेच दोघे एका मापाचे निघाले. वहिनींना फोन केला. "प्राध्यापकांना भूप जास्त आवडायचा की शिवरंजनी?" त्या म्हणाल्या, "सकाळी विचारलंत तर एक, रात्री विचारलंत तर दुसरा." घ्या!

उत्तर यंत्राच्याच एका सवयीत दडलेले होते. स्पेक्ट्रमच्या आज्ञावलीत एखादी संख्या लिहिली, की यंत्र ती दोनदा ठेवते. एकदा अंकांच्या रूपाने, आपल्याला दिसावी म्हणून. आणि लगेच तिच्यापाठी पाच बाइटांत, स्वतःच्या गणिती भाषेत, पडद्यावर न दिसणारी. दर वेळी अंकांवरून संख्या काढत बसायला नको, एवढाच त्यातला हेतू. यामुळे जागा फार खर्ची पडते म्हणून त्या काळी आम्ही या सवयीला पुष्कळ नावे ठेवली होती. मी छेदाच्या पुढचे पाच बाइट काढले. ३.१६ असता तर दुसरा बाइट ७४ यायला हवा होता. तिथे ११९ होता. म्हणजे ३.८६. भूप.

रात्रीचे दीड वाजले होते. घरात कोणाला उठवण्याची सोय नव्हती, म्हणून स्वयंपाकघरात जाऊन चहा केला.

दुरुस्त केलेली आज्ञावली पुन्हा त्या कर्कश आवाजात बदलून मी मोबाइलमध्ये भरली. ज्या मोबाइलवर नातू एमपी-थ्री ऐकतो त्याच मोबाइलची तार यंत्राच्या कानात खोचली, आवाज पुरा वर केला, आणि पंधराएक सेकंदांत प्राध्यापकांची सरगम स्पेक्ट्रमच्या पोटात उतरली. वहिनी आल्या होत्या, त्यांची लेक होती, नातू होता. मी कळ दाबली.

पहिल्यांदा ऐकणाऱ्याला तो आवाज गोड वाटणार नाही, हे कबूल केले पाहिजे. मनगटी घड्याळाचा गजर थोडा जाड केला की तसा. त्यात मींड नाही, गमक नाही. एका स्वरावरून दुसऱ्यावर उडी. नातवाने माझ्याकडे दयेने पाहिले. पण वहिनींची बोटे मांडीवर ताल धरू लागली होती, आणि दुसऱ्या आवर्तनाला त्या म्हणाल्या, "हे ते दाढी करताना गुणगुणायचे."

मग त्यांनी विचारले, "माझ्या पट्टीत होईल का हो?"

ध्वनिमुद्रण असते तर मला पंचाईत पडली असती. इथे प्राध्यापकांनी षड्जाची जागा वेगळ्या ओळीत लिहून ठेवली होती, आणि ती होती एक. म्हणजे काळी एक, त्यांची स्वतःची पट्टी. वहिनी गातात काळी चारमध्ये, खालच्या अंगाने. मी त्या ओळीतला एक खोडला आणि उणे चार लिहिले. लेकीने तंबोरा आणला, काळी चारला जुळवला. यंत्राने आपला गंधार लावला आणि तो तंबोऱ्यातल्या गंधारात असा मिसळला की क्षणभर कर्णा बंद पडला की काय असे मला वाटले. पडताळा म्हणून मी ३.८६ च्या जागी चार घालून पाहिले. वहिनींनी नुसते मान हलवून 'नको' म्हटले, तेव्हा परत बदलले.

तिसऱ्यांदा वाजवताना त्या बरोबर गाऊ लागल्या. यंत्र पंचमावरून गंधारावर नुसते उतरे. वहिनी मधली वाट घेत घेत यायच्या, आणि त्या पोचेपर्यंत यंत्र पुढच्या रिषभावर गेलेले असे. दोनदा असे झाल्यावर त्या थांबल्या.

"ह्याला इथे जरा थांबायला सांगता येईल?"

येते की! त्यासाठीही आज्ञा आहे, 'पॉज'. तिच्यापुढे सेकंदाचे पन्नासावे भाग लिहायचे. प्राध्यापकांची मूळ आज्ञावली आधी एका नव्या कोऱ्या कॅसेटवर जशीच्या तशी उतरवून ठेवली, वर '१९८८' लिहिले. मग दुसऱ्या प्रतीत, गंधारानंतर थांबण्यासाठी एक ओळ घातली. आधी दहा घालून पाहिले, ते कमी पडले. पंधराही पुरेनात. पंचविसावर वहिनींनी मान डोलावली. त्या प्रतीच्या टिपणात मी वहिनींचे नाव लिहिले आहे.